नाशिकमध्ये जुनी ट्रायम्फ स्पिटफायर ही स्पोर्ट्स कार परवडेल अशा खर्चात कोणाकडून दुरुस्त करून घ्यावी?
स्पोर्ट्स कारचा खास कारागीर शोधत बसण्यापेक्षा स्टँडर्ड हेराल्ड या मोटारीवर हात बसलेला जुना मेस्त्री गाठावा, कारण १९६२ साली आलेली स्पिटफायर हेराल्डच्याच आखूड केलेल्या चासीवर (खालच्या सांगाड्यावर) बेतलेली होती आणि हेराल्ड आपल्याकडे मद्रासला तयार होत असे. इंजिनाचे बोअरिंग (झिजलेले सिलिंडर आतून कापून सारखे करणे) अंबड-सातपूरकडच्या वर्कशॉपमध्ये करून घेता येईल. खरा खर्च पत्र्याचा असतो. म्हणून मजुरी ठरवण्यापूर्वी दाराखालच्या पत्र्यावरून लोहचुंबक फिरवून पाहावे, तो जिथे चिकटत नाही तिथे बहुधा गंजावर पुट्टी थापलेली असते. पैसे टप्प्याटप्प्याने द्यावेत, आणि सुटा केलेला प्रत्येक भाग चिठ्ठी लावून आपल्याच घरी ठेवावा (मेस्त्रीच्या डब्यात पडलेला इंची मापाचा बोल्ट सहसा परत सापडत नाही).