फ्रीज गच्च, तरी जेवण बाहेरून

प्रश्न : ताई, मी आणि नवरा दोघंही नोकरी करतो. घरचं साधं, चांगलं जेवायचं असं ठरवून दर रविवारी भरपूर भाजी आणते, फ्रीज नुसता कोंबून भरते, आणि बुधवारी बघावं तर पालक काळा, काकडी लिबलिबीत आणि आम्ही फोनवरून जेवण मागवतोय. फ्रीजमध्ये नेमकं काय ठेवावं?

उत्तर : अहो, रात्री आठला दमून आलेल्या माणसाला न निवडलेली पालकाची जुडी दिसली की तो दार लावून टाकतो, मीही तेच करते. म्हणून कच्चा माल कमी आणा आणि अर्धं काम झालेल्या गोष्टी जास्त ठेवा. माझ्या मते सगळ्यात कामाचा डबा उकडलेल्या कडधान्याचा. चणे, राजमा, मूग, काहीही, रविवारी एकदाच कुकर लावायचा, तीन दिवसांपुरतं फ्रीजमध्ये आणि उरलेलं छोट्या डब्यांत भरून फ्रीझरला, म्हणजे ऐनवेळी भिजवायला विसरले ही रड नाही. (राजमा मात्र पूर्ण मऊ शिजवा, अर्धाकच्चा पोटाला चांगलाच बाधतो.) सोबत उकडलेली अंडी, सालासकट ठेवली तर आठवडाभर राहतात. दही, लिंबं, आलं हवंच. फ्रोझन मटार वापरायला काही जण उगाच लाजतात, सत्त्वाच्या बाबतीत ते ताज्यापेक्षा फारसे कमी नसतात.

भाज्यांमध्ये कोबी, गाजर, बीट हे आपले भरवशाचे गडी, दोन आठवडे सहज टिकतात. पालेभाजी मात्र दोनच दिवसांची आणायची. आणि तुमचा पालक काळा का पडतो, तर बहुतेक तो ओलाच पिशवीत जात असेल, किंवा शेजारी सफरचंदं असतील. सफरचंद, पिकलेलं केळं यातून इथिलीन वायू सुटतो आणि त्याने पालेभाजी लवकर पिवळी पडते, सडते. पाला न धुता, कोरड्या कापडात गुंडाळून खालच्या ड्रॉवरमध्ये ठेवा, फळं वेगळी. कांदे-बटाटे फ्रीजबाहेरच, तेही एकमेकांपासून लांब.

अजून एक, फ्रीज कोंबून भरला की आत थंड हवा फिरत नाही. आतलं तापमान 4 अंश सेल्सिअस किंवा त्याखाली हवं, फ्रीझर उणे 18. एक साधा थर्मामीटर आत ठेवून बघा, माझा फ्रीज 8 दाखवत होता आणि मी वर्षभर दूधवाल्याला बोल लावत होते! दूध दारातल्या कप्प्यात नको, तिथे सतत गरम हवा लागते.

शिजवलेलं उरलं तर दोन तासांच्या आत पसरट डब्यात भरून आत टाका, भात तर नक्कीच, कारण तो बाहेर राहिला की त्यात होणारं विष पुन्हा गरम करूनही जात नाही. तीन-चार दिवसांत संपवा. वास येत नाही म्हणून खाल्लं, असं करू नका, काही जंतू वास न सोडताच वाढतात. डब्यावर तारखेची चिकटपट्टी लावा, नवऱ्याला लावायला सांगा, तेवढंच एक काम त्याच्याकडे.

या रविवारी भाजी निम्मीच आणा, आणि पालक घेतलाच तर तो सोमवारी रात्रीच करा.