जांबोटी रस्त्यावरचा दिवा: सैन्य अशा गोष्टींचा तपास करतं का?

तुम्ही विचारलंय, बेळगावहून जांबोटीकडे येताना तिन्हीसांजेला आभाळात एक दिवा मोटारसायकलच्या बरोबरीनं चालतो, गावात त्याला उडती तबकडी म्हणतात. सैन्य याचा तपास करतं, की दाबून टाकतं?

तपास करतं. मी खानापूर तालुक्यातला, मराठा लाईट इन्फंट्रीतून हवालदार म्हणून निवृत्त. सीमेवर रात्रीची संत्री ड्युटी खूप केली. दिसलं ते वेळ आणि दिशेसकट कळवायचं, हे तिथं अंगात भिनतं. ते नेमकं काय, हे वरचे ठरवतात.

लडाखचंच घ्या. ऑगस्ट २०१२ ते फेब्रुवारी २०१३ मध्ये पँगाँग सरोवराच्या भागात जवानांनी अनोळखी प्रकाशाच्या ३२९ नोंदी केल्या. चीनचे टेहळणी ड्रोन असतील, असा संशय होता. सैन्यानं बंगळूरच्या भारतीय खगोलभौतिकी संस्थेला विचारलं. शास्त्रज्ञांनी ते प्रकाश ताऱ्यांच्या चालीशी ताडून पाहिले, तर एक गुरू निघाला आणि दुसरा शुक्र. त्या हिवाळ्यात गुरू आपल्या आभाळात सूर्याच्या बरोबर उलट बाजूला होता, म्हणून दिवस मावळताना उगवून रात्रभर दिसायचा. शुक्र पहाटेला. तिथली हवा विरळ, त्यामुळे दोन्ही जास्तच लखलखीत. बातमी आली तेव्हा लोक जवानांना हसले. मला त्याचं आजही वाईट वाटतं. त्या थंडीत पोरांनी नोंदी ठेवल्या नसत्या, तर शास्त्रज्ञांपर्यंत गोष्ट गेलीच नसती.

अमेरिकेच्या हवाई दलाच्या ‘प्रोजेक्ट ब्लू बुक’ या उडत्या तबकड्यांच्या तपास मोहिमेकडे १९४७ ते १९६९ मधल्या १२,६१८ नोंदी होत्या. बहुतेक ग्रह, तारे, फुगे, विमानं. ७०१ नोंदींचा उलगडा झाला नाही, पण परग्रहावरच्या यानाचा पुरावाही सापडला नाही.

तरी तुमची शंका अगदीच पोकळ नाही. ७ जानेवारी १९४८ ला केंटकीत थॉमस मँटेल हा वैमानिक एका चकाकत्या वस्तूमागे वर वर गेला. जवळ ऑक्सिजन नव्हता. विमान कोसळलं, तो गेला. आधी सांगितलं, तो शुक्र होता. पुढे कळलं की बहुधा नौदलाचा प्रचंड ‘स्कायहूक’ फुगा असावा, आणि ते फुगे तेव्हा गुप्त होते. म्हणजे लपवाछपवी होती ती माणसांनीच बनवलेल्या वस्तूची. घाईनं दिलेला खुलासाही चुकतो, हे मी यावरून धरून आहे.

म्हणून तुमचा दिवा शुक्रच, असं मी न बघता सांगणार नाही, पण लक्षणं त्याचीच आहेत. तो इतका लांब असतो की रस्त्याकडेची झाडं मागं पळतात आणि तो जागा सोडत नाही. आपल्याला वाटतं बरोबर येतोय. क्षितिजाजवळ दाट हवेतून बघताना तांबडा-हिरवा लुकलुकतोही. गाडी थांबवा, विजेच्या खांबाच्या टोकाशी रेषेत धरा आणि अर्धा तास बघा. सावकाश पश्चिमेला उतरला तर शुक्राची चांदणी. दिव्यांची माळच सरकत गेली तर स्टारलिंकचे उपग्रह. आणि बेळगावच्या सांबरा विमानतळावर उतरणारं विमान थेट आपल्या दिशेनं येत असेल, तर त्याचा दिवा काही मिनिटं जागच्या जागी लटकल्यासारखा दिसतो.

यातलं काहीच जुळलं नाही, तर तारीख, मिनिटासकट वेळ, दिशा आणि क्षितिजापासून किती वर ते लिहून इथंच टाका. त्या वेळेचं आकाश काढून मी ताडून बघतो.