कलेक्टर की सीईओ? अर्ज कोणाकडे द्यायचा

प्रश्न : गावातला सिमेंट रस्ता वर्षाच्या आत उखडला. काम ग्रामपंचायतीचं. जिल्हाधिकाऱ्यांकडे तक्रार दिली, तर दोन महिन्यांनी ती 'नियमोचित कार्यवाहीस्तव' जिल्हा परिषदेकडे पाठवल्याचं पत्र आलं. जिल्ह्याचे प्रमुख तेच ना?
– एक वाचक, परभणी जिल्हा

उत्तर : महसूल, निवडणूक, आपत्ती व्यवस्थापन यांत तेच. ग्रामपंचायतीच्या कामांत नाही. वसंतराव नाईक समितीच्या शिफारशींवरून 1961 चा कायदा झाला आणि 1 मे 1962 ला जिल्हा परिषदा आल्या, तेव्हाच जिल्हाधिकाऱ्यांना परिषदेबाहेर ठेवलं गेलं. तिथलं प्रशासन मुख्य कार्यकारी अधिकारी, म्हणजे सीईओ पाहतात, आणि ते जिल्हाधिकाऱ्यांचे दुय्यम नव्हेत. जिल्हाधिकारी जिल्हा नियोजन समितीचे सदस्य-सचिव असतात, निधीच्या चर्चेत त्यांचं नाव येतं, म्हणून हा घोळ होतो.

तुमचा अर्ज गटविकास अधिकाऱ्यांकडे द्या, प्रत सीईओंना. दोन्हीकडे आवक क्रमांक घ्या. त्याआधी माहितीच्या अधिकारात अंदाजपत्रक, मोजमाप पुस्तिका आणि पूर्णत्वाचा दाखला मागा (शुल्क 10 रुपये, मुदत 30 दिवस). 'काम निकृष्ट आहे' एवढंच लिहिलेले अर्ज 'काम समाधानकारक' या एका ओळीत निकाली निघतात. अंदाजपत्रकात जाडी किती, उखडलेल्या कडेला प्रत्यक्षात किती भरते, लांबी किती कमी, हे आकडे लिहा म्हणजे अभियंत्याला टेप घेऊन यावंच लागतं.

ग्रामसेवकावरची शिस्तभंगाची कारवाई सीईओंच्या अखत्यारीत येते. सरपंचाला गैरवर्तणुकीवरून काढायचं तर ग्रामपंचायत अधिनियमाचं कलम 39 लागतं : चौकशी सीईओंची, निर्णय विभागीय आयुक्तांचा. इथे प्रकरणं तांत्रिक मुद्द्यावर कोसळतात. गटविकास अधिकाऱ्यांचा प्राथमिक अहवालच चौकशी म्हणून वर जातो, सरपंचाला रीतसर नोटीस व सुनावणी मिळत नाही आणि आदेश अपिलात टिकत नाही. तक्रारदारानंही फायलीत नोटिशीची पोच आहे का, हे विचारत राहावं.

निवडून आलेले सदस्य नसल्यानं जिल्हा परिषदेवर प्रशासक असेल तर प्रस्ताव ठेवणारे आणि मंजूर करणारे बहुधा एकच, सीईओ. ही व्यवस्था आम्हाला बरी वाटत नाही. अशा वेळी एक प्रत विभागीय आयुक्तांना जाऊ द्या.

प्रश्न : ग्रामपंचायत सदस्यानं गायरानात घर बांधलंय. हेही सीईओंकडेच का?
– एक वाचक, सांगली जिल्हा

उत्तर : नाही, इथे मात्र जिल्हाधिकारीच. सरकारी जागेवरच्या अतिक्रमणावरून सदस्याच्या अपात्रतेचा अर्ज ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम 14 (1) (ज-3) खाली त्यांच्यापुढे चालतो. निकालाविरुद्ध 15 दिवसांत विभागीय आयुक्तांकडे अपील. घर वडिलांनी बांधलं असलं तरी सदस्य त्यात राहत असेल तर तो सुटत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं 2018 मध्ये स्पष्ट केलं आहे. सातबारा, ग्रामपंचायतीचा नमुना 8 (घरपट्टी आकारणीचा उतारा) आणि भूमी अभिलेखचा मोजणी नकाशा जोडा. मोजणी नसेल तर फोटोंचा ढीग फारसा कामी येत नाही.

प्रश्न : लोकशाही दिनात अर्ज घेतला नाही. का?
– एक वाचक, अकोला जिल्हा

उत्तर : लोकशाही दिन म्हणजे लोकांच्या तक्रारी ऐकण्याचा सरकारी दिवस. तुमची बहुधा तालुक्याची पायरी चुकली. आधी तहसीलच्या लोकशाही दिनात अर्ज, महिनाभरात काही झालं नाही तर जिल्ह्याला. तिथला दिवस महिन्याचा पहिला सोमवार. विहित नमुन्यातला अर्ज 15 दिवस आधी द्यावा लागतो. न्यायप्रविष्ट, अपिलातली आणि नोकरीविषयक प्रकरणं घेतच नाहीत.