वर्षावनातली बेकायदा तोड कारवाईने खरंच थांबते का?

थांबते, पण नुसतं करवतवाल्याला पकडून नाही. तो रोजंदारीवरचा, उद्या दुसरा येतो. ब्राझीलचं बघा. ॲमेझॉनमध्ये २००४ साली सुमारे २७,८०० चौ. किमी. जंगल तुटलं, २०१२ मध्ये ४,६०० च्या आसपास. मधल्या काळात उपग्रहावरून तोडीचा इशारा चटकन मिळू लागला, इबामा या सरकारी यंत्रणेची पथकं नेमक्या जागी धडकू लागली. २००८ मध्ये तर ॲमेझॉनात शेतीकर्जासाठी पर्यावरणाचे नियम पाळल्याची अट आली. माझ्या मते खरा चिमटा तिथे बसला. (सोयाबीन-गोमांसाचे भाव पडल्याचाही हातभार होता, हे मान्य.)

मेख असते कागदात. इपे हे महागडं लाकूड घ्या. परवान्याच्या जागेत झाडं दहा, कागदावर पन्नास. मग त्या चाळीस नसलेल्या झाडांच्या नावावर राखीव जंगलातली चोरीची झाडं बाहेर निघतात. बंदरावर पोचेपर्यंत सगळं कायदेशीर! म्हणून खरेदीदार देशांनीही माल कुठून आला हे विचारायला हवं. अमेरिकेने २००८ मध्ये लेसी कायद्याच्या (वन्यजीवांच्या चोरट्या व्यापाराविरुद्धचा जुना कायदा) कक्षेत बेकायदा तोडलेलं लाकूडही आणलं ते यासाठीच.

आणि हो, जंगलातली असाईची (एका ताडाची) फळं किंवा ब्राझील नट विकून घर चालत असेल, तर त्या रोजंदारीला माणूस मिळणं अवघड होतं.