राखाडी तबकडीचे महागडे मनगटी घड्याळ घेताना काय पाहावे?

राखाडी रंग छायाचित्रात एक दिसतो आणि मनगटावर दुसराच, म्हणून केवळ चित्र पाहून निर्णय घेऊ नये, असे मी आग्रहाने सांगेन. सनरे प्रकारच्या तबकडीवर मध्यापासून कडेपर्यंत केसासारख्या बारीक रेघा ओढलेल्या असतात. त्यामुळे तीच तबकडी दुकानातील दिव्याखाली चांदीसारखी उजळते, खिडकीशी निळसर भासते आणि संध्याकाळी जवळजवळ काळी होते. मॅट, म्हणजे चमक नसलेल्या तबकडीत हा खेळ नसतो, पण वेळ मात्र चटकन वाचता येते.

खरी अडचण काट्यांची असते. राखाडी पार्श्वभूमीवर चकचकीत पोलादी काटे विशिष्ट कोनातून अक्षरशः गायब होतात, म्हणून काट्यांना कंगोरेदार कडा किंवा पांढरा लेप आहे का, हे मनगट हळूहळू फिरवून पाहावे. रोलेक्सच्या डेटजस्ट या घड्याळाच्या एका प्रकारात राखाडी तबकडीवर हिरव्या किनारीचे रोमन आकडे असतात; संग्राहक तिला ‘विम्बल्डन’ म्हणतात. ती वाचायला सोपी आहे, मात्र तो हिरवा सर्वांनाच रुचेल असे नाही. ओमेगाने 2014 मध्ये आणलेल्या ‘ग्रे साइड ऑफ द मून’ या घड्याळात बाहेरचे आवरण राखाडी सिरॅमिकचे आणि तबकडी प्लॅटिनमची आहे, परंतु 44.25 मिलिमीटरचा व्यास बारीक मनगटावर थाळीसारखा दिसतो.

पट्ट्याची फार चिंता नको. काळा, तपकिरी, गडद निळा, सारे चालतात. रोज वापरणार असाल, तर मी 36 ते 39 मिलिमीटर व्यासाचे, पांढऱ्या काट्यांचे आणि मॅट तबकडीचे घड्याळ निवडेन.