विद्यापीठातील खुली व्याख्याने : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : मी शिरोली औद्योगिक वसाहतीतील एका फाउंड्रीत बावीस वर्षे मोल्डर म्हणून काम करतो. शिक्षण दहावीपर्यंत झाले आहे. मागील महिन्यात कोल्हापूर शहरातील एका शैक्षणिक संस्थेत धातूंच्या गुणधर्मांवर व्याख्यान असल्याची बातमी वाचली. ‘प्रवेश विनामूल्य, सर्वांसाठी खुले’ असे त्यात छापले होते. पहिली पाळी संपवून गेलो, तर दारातील स्वयंसेवकाने ‘कोणत्या विभागाचे?’ असे विचारले. मला उत्तर सुचले नाही आणि मी परत फिरलो. अशा ठिकाणी माझ्यासारख्याने जाणे योग्य आहे का? – एक वाचक, शिये

उत्तर : आपण दारातून परत फिरलात हे वाचून मनापासून वाईट वाटले. ‘बातमी वाचून ऐकायला आलो आहे’ एवढे सांगितले असते, तरी ते पुरेसे होते. हजेरीच्या वहीत नावापुढे विभागाचा रकाना आखलेला असतो, म्हणून स्वयंसेवक विद्यार्थी तो प्रश्न सर्वांनाच विचारतात. त्या रकान्यात ‘नागरिक’ असे लिहावे आणि आत जाऊन बसावे. आयोजकांनीही हा रकाना काढून टाकावा, असे माझे स्पष्ट मत आहे. कारण जो माणूस आठ तास भट्टीजवळ उभा राहून व्याख्यान ऐकायला येतो, त्याला दारातच परकेपणा वाटत असेल, तर ‘सर्वांसाठी खुले’ या शब्दांना अर्थ राहत नाही.

ही व्याख्याने विनामूल्य असतात, म्हणजे कोणी आपल्यावर उपकार करते, असे समजू नये. त्यांपैकी अनेक स्मृतिव्याख्याने असतात. एखादे कुटुंब किंवा माजी विद्यार्थी विद्यापीठाकडे ठेव ठेवतात आणि तिच्या व्याजातून वक्त्याचा प्रवासखर्च व मानधन दिले जाते. सभागृह, वीज आणि प्राध्यापकांचे वेतन यांत तर आपण भरलेल्या करांचाही वाटा असतो. २०१६ च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियमात आजीवन अध्ययन व विस्तार यांसाठी स्वतंत्र मंडळाची तरतूद आहे. याचा अर्थ, विद्यापीठाचे ज्ञान प्रवेश घेतलेल्या विद्यार्थ्यांपलीकडे नेणे हा त्याच्या कामाचाच भाग आहे.

ही कल्पना जुनी आहे. पॅरिसमधील कोलेज द फ्रान्स ही संस्था १५३० पासून चालत आली आहे. तेथील व्याख्यानांना नावनोंदणी लागत नाही आणि शुल्कही नसते. आपल्याकडे न्यायमूर्ती रानडे यांनी पुण्यात १८७५ मध्ये वसंत व्याख्यानमाला सुरू केली. कोल्हापुरात तर करवीर नगर वाचन मंदिर १८५० पासून आहे, आणि ज्या संस्थानात शाहू महाराजांनी १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत करण्याचा निर्णय घेतला, त्या गावाला शिक्षण सर्वांचे आहे हे नव्याने सांगावे लागू नये. शिवाजी विद्यापीठ १९६२ मध्ये स्थापन झाले, त्यामागेही दक्षिण महाराष्ट्रातील ग्रामीण कुटुंबांतील मुलांना उच्च शिक्षण घराजवळ मिळावे, ही मोठी आस होती.

काही वर्षांपूर्वी पंचगंगेच्या पुरावरील एका व्याख्यानात मी मागच्या रांगेत बसलो होतो. वक्त्यांनी पडद्यावर नकाशा दाखवून राजाराम बंधाऱ्यावरील पाणीपातळी ३९ फुटांवर गेली की इशारा आणि ४३ फुटांवर गेली की धोका, हे समजावून दिले. प्रश्नोत्तरांच्या वेळी नदीकाठच्या एका गावातील वयस्कर शेतकरी उभे राहिले. खांद्यावर टॉवेल, हातात पावसाने भिजलेली पिशवी. ते म्हणाले, “साहेब, त्रेचाळीस फूट व्हायच्या आधीच आमच्या ओढ्याचं पाणी उलटं फिरतं आणि गावाची वाट बंद होते. तो ओढा तुमच्या नकाशात कुठं आहे?” वक्त्यांनी क्षणभर पडद्याकडे पाहिले, मग त्यांना मंचावर बोलावले आणि ओढा नेमका कोठून वळतो हे त्यांच्याकडूनच समजून घेतले. पुढची पंधरा मिनिटे सभागृहातील प्राध्यापकांसह सर्वजण त्या शेतकऱ्यांचे ऐकत होते.

म्हणून आपल्याला आग्रहाने सांगतो की, साच्याच्या वाळूत ओलावा जास्त झाला तर कास्टिंगमध्ये, म्हणजे ओतलेल्या धातूच्या भागात, भोके का पडतात, हे बावीस वर्षे डोळ्यांनी पाहिलेला माणूस धातूंवरील व्याख्यानाला आला, तर वक्त्यालाही त्याचा उपयोग होतो. व्याख्यान इंग्रजीत असले, तरी प्रश्न मराठीत विचारावा. वक्त्याला मराठी येत नसेल, तर सूत्रसंचालकांना भाषांतर करण्यास सांगण्याचा आपल्याला पूर्ण अधिकार आहे.

मात्र प्रत्येक कार्यक्रम खुला नसतो, हेही लक्षात घ्यावे. चर्चासत्रे आणि परिषदांना बहुधा नोंदणी शुल्क असते. विभागातील साप्ताहिक सेमिनार विनामूल्य असले, तरी ते त्या विषयाच्या संशोधकांसाठी असतात. तेथे जायचे असल्यास विभागप्रमुखांना आधी विचारावे. पीएच.डी.ची मौखिक परीक्षा विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नियमांनुसार प्राध्यापक आणि संशोधक विद्यार्थ्यांसाठी खुली ठेवतात. आपल्या व्यवसायाशी संबंधित प्रबंध असेल, तर विभागाला विचारून ती आवर्जून ऐकावी. संशोधक आपले म्हणणे परीक्षकांपुढे कसे टिकवून धरतो, हे पाहण्यासारखे असते.

प्रश्न : माझी मुलगी अकरावी विज्ञान शाखेत आहे. तिला विद्यापीठातील व्याख्यानांना न्यावे, असे वाटते. पण तिला समजेल का? शिकवणीचा वेळ बुडेल, अशीही काळजी आहे. – एक गृहिणी, कसबा बावडा

उत्तर : सगळे समजणार नाही, आणि तशी अपेक्षाही ठेवू नये. अकरावीच्या मुलीला तासाभरातील वीस मिनिटे जरी कळली आणि एक प्रश्न घरापर्यंत सोबत आला, तर त्या संध्याकाळी शिकवणी बुडाली तरी चालेल. सुरुवात राष्ट्रीय विज्ञान दिनापासून करावी. रामन परिणामाचा शोध २८ फेब्रुवारी १९२८ रोजी लागला, म्हणून हा दिवस साजरा होतो आणि त्या सुमारास विज्ञान विभागांत विद्यार्थ्यांना समजतील अशी व्याख्याने व प्रात्यक्षिके होतात. जयंत नारळीकर यांचा जन्म १९३८ मध्ये याच कोल्हापुरात झाला. विश्वरचनाशास्त्रासारखा कठीण विषय मराठीतून सांगता येतो, हे त्यांनी आयुष्यभर लिहून आणि बोलून दाखवले. त्यांनी पुण्यात उभ्या केलेल्या आयुका या खगोलशास्त्राच्या संशोधन संस्थेत शालेय विद्यार्थ्यांसाठी दुसऱ्या शनिवारची व्याख्याने होत आली आहेत.

एक विनंती आहे. घरी परतताना ‘काय काय सांगितले, सांग बघू’ असे विचारून तिची परीक्षा घेऊ नये. आपणही तिच्याबरोबर आत बसावे, बाहेर बाकावर वाट पाहत थांबू नये. आई ऐकते आहे, हे मुलीने पाहणे मला फार मोलाचे वाटते.

प्रश्न : मी चंदगड तालुक्यात राहतो. कोल्हापूरला व्याख्यानासाठी जाऊन त्याच रात्री परतणे जमत नाही. ध्वनिचित्रफीत ऐकली तर चालेल का? – एक निवृत्त शिक्षक

उत्तर : अवश्य ऐकावी; मात्र एकट्याने मोबाईलवर ऐकू नये. गावातील वाचनालयात किंवा शाळेच्या खोलीत चार-पाच जणांनी एकत्र बसून, मध्ये थांबवून, बोलत बोलत ऐकावी. थांबवण्याची सोय सभागृहात नसते, ती आपल्याकडे आहे. जे प्रश्न निघतील, ते त्या विभागाच्या नावाने साध्या पत्राने पाठवावेत आणि पत्रात व्याख्यानाचे नाव व तारीख लिहावी. मी स्वतः असे एक पत्र पाठवले होते. तीन आठवड्यांनी प्राध्यापकांच्या हस्ताक्षरातील दोन पानांचे उत्तर आले, आणि सोबत त्यांनी वाचण्याजोग्या एका लेखाची प्रतही जोडली होती.