चित्र लावलंस की गप्प राहा

प्रिय मुली,

तुझं पत्र वाचलं, सहाही चित्रांचे फोटो पाहिले. घरकामगार बायकांच्या सॉफ्ट स्किल्सच्या, म्हणजे बोलण्या-वागण्याच्या कौशल्यांच्या, सत्रात दीड तासात सहा चित्रं दाखवलीस, प्रत्येकाचा अर्थ समजावलास आणि बायका 'हो मॅडम' म्हणून घरी गेल्या. आता प्रोजेक्टर घेऊ की व्हिडिओ दाखवू, असं विचारतेस. दोन्ही नको. चित्र लावल्यावर पहिलं वाक्य तुझं नसावं. माझं सगळं म्हणणं एवढंच आहे.

आधी चित्रांबद्दल. बल्ब म्हणजे कल्पना, लाल फुली म्हणजे 'करू नका', डोक्यावरचा ढग म्हणजे विचार, ही शाळेत शिकलेल्यांची लिपी आहे. 1976 साली युनिसेफने नेपाळच्या खेड्यांत चित्रं दाखवून अभ्यास केला होता. चित्रातून कुणी काही सांगू पाहतंय, हेच तिथे अनेकांना अपेक्षित नव्हतं आणि चित्रांची ओळ डावीकडून उजवीकडे पाहिली जाईल, याचीही खात्री नव्हती. आपल्या वस्तीतल्या बायकांच्या हातात आज मोबाइल आहे, तरी गोष्टीची पट्टी छापू नकोस. चार सुटी कार्डं कर आणि क्रम त्यांना लावू दे. वेगळा लागला तर दुरुस्त करू नकोस, 'असं का लावलंत?' एवढंच विचार.

आता तुझं तिसरं चित्र घे. दारात कामवाली, आत मालकीण, ओट्यावर भांड्यांचा ढीग. विषय नेमका आहे: पाहुणे आले, भांडी दुप्पट, पैसे तेवढेच. पण मालकिणीच्या कपाळावर आठ्या काढल्यास आणि कामवालीच्या डोळ्यांत पाणी. सगळं चित्रानेच सांगून टाकलं, मग बायकांनी बोलायचं काय? दोघींचे चेहरे साधे ठेव. मग एक म्हणेल, 'ती पैसे मागतेय.' दुसरी म्हणेल, 'छे, काल खाडा झाला ते सांगतेय.' तिथे तुझं सत्र सुरू झालं. मंगळसूत्रही ठसठशीत काढलंयस. गटात विधवा असतील, नवऱ्याने टाकलेल्या असतील, त्यांना ही बाई आपली कशी वाटेल? माणसं अख्खी काढ, हात-पाय कापलेले नकोत. बारा जणींसाठी ए-थ्री कागद, जाड मार्कर, मागे गर्दी नाही. सत्राआधी गटाबाहेरच्या पाच जणींना दाखव. दोघींना भलतंच दिसलं तर चित्र पुन्हा काढ. बायकांना समजावून भागवू नकोस.

सत्र दुपारी ठेव, सकाळची कामं उरकल्यावर आणि संध्याकाळची सुरू होण्याआधी. बायका अर्धगोलात, चित्र त्यांच्या डोळ्यांच्या उंचीवर, तू बाजूला बसलेली. सत्राला एकच चित्र. विचार, 'काय दिसतंय?' आणि मनात वीसपर्यंत मोज. कुणी बोललं नाही तर पुन्हा वीस. ही शांतता तुला सोसत नाही आणि सगळं तिथेच बिघडतं. पुढे 'काय चाललंय?', 'असं का होत असेल?', 'हिनं काय करावं?' हाच क्रम. शेवटचा प्रश्न आधी विचारलास तर तुला आवडेल ते उत्तर मिळेल.

'हिनं' हा शब्द सोडू नकोस. 'तुमच्याकडे काय होतं?' म्हटलं की बाई मिटते. चित्रातल्या बाईबद्दल विचारलं की ती स्वतःचंच सांगते, पण आडोशाने. तो आडोसा तिचा आहे. 'म्हणजे तुमचंही असंच ना?' असं चारचौघींत कधीही विचारायचं नाही. मारहाणीचं चित्र तर आणूच नकोस, कुणाची कोणती जखम उघडी पडेल ते तुला ठाऊक नसतं.

पुढच्या सत्रात कामावरच्या प्रसंगांच्या पंधरा चित्रकार्डांचे तीन ढीग करायला दे: चालेल, चालणार नाही, सांगता येत नाही. खरी वादावादी तिसऱ्या ढिगावर होते, अर्धा वेळ तिथेच जाऊ दे. मग दोघींना उभं कर, एक मालकीण, एक कामवाली. 'ताई, पाहुण्यांच्या भांड्यांचे वेगळे द्या' हे वाक्य बसल्याजागी सोपं वाटतं, उभं राहिलं की घशात अडकतं. तीन-चार वेळा म्हणू दे, शब्द त्यांचेच ठेव. घरेलू कामगार कल्याण मंडळाचा 2008 चा कायदा आणि नोंदणी यांची माहिती त्यानंतर दे. आधी दिलीस तर ते भाषण होईल.

अभिप्रायाच्या फॉर्मवरचे हसरे-रडके चेहरे काढून टाक. तुझ्यासमोर कुणीही हसऱ्यावरच बोट ठेवणार. प्रत्येकीला एक चिंचोका दे. पडद्याआड दोन वाट्या ठेव, एकीवर बोलणाऱ्या बाईचं चित्र, दुसरीवर गप्प बसलेल्या बाईचं. 'आज मला बोलता आलं का?' याचं उत्तर वाटीत पडेल.

'मग शिकवणारीचं काम काय उरलं?' असं मला अजून विचारतात. अहवालात 'सहा विषय पूर्ण' लिहिता येत नाही म्हणून नाराजही होतात. होऊ देत. माझी कितीतरी वर्षं चित्रं देखणी करण्यात गेली, त्यांत बोलायला जागा ठेवण्यात जायला हवी होती. म्हणून तुझ्यावर चिडते. ही चूक वाईट मनाने होत नाही, मदत करायच्या घाईने होते, आणि तुझी घाई मला ओळखीची आहे.

तिसरं चित्र या आठवड्यात पुन्हा काढ, चेहरे साधे, गळा मोकळा. सत्र झालं की मला एकच कळव: चित्र लावल्यावर पहिलं कोण बोललं आणि नेमकं काय म्हणालं. तिच्याच शब्दांत लिही.

तुझी,
ताई